सोळावे गुणसूत्र

एकदा एका वृद्ध अध्यापकांनी गुरुवारी द्यायची पेटी सोमवारवर ढकलली आणि त्यांच्या जुन्या शिष्याच्या पोटात दुखू लागले. ही पोटदुखी कोणत्या जातीची, ते वाचकांनी ओळखले असेलच.

अध्यापक वनस्पतिशास्त्राचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. निवृत्तीनंतर घराच्या पडवीतच त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती: एक पितळी सूक्ष्मदर्शक, खिडकीत पाण्याचे पेले आणि प्रत्येक पेल्याच्या तोंडावर एक कांदा. कांद्याला पांढरी मुळे फुटली की सकाळीच त्यांची टोके कापायची, कोमट आम्लात मऊ करायची, रंगवायची आणि दोन काचांमध्ये ठेवून अंगठ्याने दाबायची. मग पेशी कशी दुभंगते ते दिसते. गुणसूत्रे, म्हणजे पिढीजात वारसा वाहणारे ते बारीक धागे, आधी दुप्पट होतात, मग पेशीच्या मध्यावर ओळीत येतात आणि शेवटी दोन्हीकडे सारखे वाटले जातात. हे सारे टप्पे दाखवणाऱ्या चोवीस काचपट्ट्यांची पेटी तात्या दरवर्षी डोंगरातल्या एका शाळेला भेट देत.

दिगंबर त्यांच्याकडे तीन वर्षे शिकत होता. तात्यांची नजर आता मंदावली होती. त्यांच्यामागे हा सूक्ष्मदर्शक आपल्याच हाती येणार, हे त्याने मनाशी पक्के करून टाकले होते. अशात सहा महिन्यांपूर्वी मालन आली. आईच्या रोपवाटिकेत वाढलेली ही मुलगी; तिच्या अंगठ्याखाली पेशी अशा सुरेख पसरत की एकीवर दुसरी चढत नसे. तिची काचपट्टी तात्या पाच-पाच मिनिटे न्याहाळत. दिगंबरची पाहिली की म्हणत, "ठीक." हे "ठीक" दिगंबरला जेवताना आठवे, अंघोळ करताना आठवे. मालनचे कौतुक झाले की तेवढे आपल्यातून वजा झाले, असा त्याचा हिशेब होता.

यंदा तात्यांनी वीस पट्ट्या दिगंबरला सांगितल्या आणि चारच मालनला. पण त्या चार म्हणजे गुणसूत्रे ओळीत उभी राहतात त्या टप्प्याच्या, साऱ्या पेटीत देखण्या. पेटीच्या झाकणावर करणाऱ्याचे नाव घालायची तात्यांची रीत होती. तिथे मालनचे नाव आले तर सूक्ष्मदर्शकही तिच्याकडेच जाणार, या विचाराने दिगंबर आतून जळत होता.

मंगळवारी सकाळी मालनने आपल्या सगळ्या कांद्यांची मुळे कापून आम्लात घातली, तोच फाटकाशी टेम्पो वाजला. तिच्या आईने तात्यांच्या बागेसाठी रोपे पाठवली होती.

"दिगंबरदादा, मी रोपं उतरवून घेते. दहा मिनिटं झाली की एवढी मुळं पाण्यात काढाल?"

"काढतो की. जा तू."

दिगंबर घड्याळासमोर बसला. दहा मिनिटे झाली. त्याने हात पुढे केला, मग तोच मागे घेतला आणि आपली एक स्वच्छ पट्टी उगाचच पुन्हा पुसत बसला. मालन परतली तेव्हा मुळांचा लगदा झाला होता.

"लक्षात नाही का हो राहिलं?"

"कामात होतो."

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मीच थांबायला हवं होतं."

दिगंबरला बरे वाटले. खरे सांगायचे तर फारच बरे वाटले. नवी मुळे फुटायला चार दिवस लागणार आणि शाळेचे शिक्षक तर गुरुवारी पेटी न्यायला येणार. तो लगबगीने पडवीच्या टोकाला खुर्चीत बसलेल्या तात्यांकडे गेला.

"तात्या, माझ्याकडे चार पट्ट्या जास्तीच्या आहेत, त्याच टप्प्याच्या. पेटी आजच पुरी होईल."

"असू देत," तात्या म्हणाले आणि त्यांनी शिक्षकांना फोन लावला. "सोमवारी या गुरुजी. आमचं एक माणूस मागं राहिलंय."

आता मात्र दिगंबरचा तोल गेला. "तीन वर्षांत माझ्यासाठी कधी कुणाला थांबवलंत का तुम्ही? तिच्या चार पट्ट्यांसाठी अख्खी शाळा ताटकळत ठेवायची?"

तात्यांनी कपाटातून एक जुनी काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघ. काय दिसतं?"

"कांद्याचीच पेशी. सोळा गुणसूत्रं. पंधरा ओळीत आहेत, एक कडेला."

"मग ती पंधरा पुढं का गेली नाहीत? ती तर तयार होती."

दिगंबर पुन्हा भिंगात डोकावला.

"अरे, प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून तंतू येऊन धरतात. पंधरांना धरलं, एक सुटं राहिलं. ते जोडलं जात नाही तोवर पेशी वाटणी सुरू करत नाही. घाई केली तर एका लेकीला, म्हणजे नव्या पेशीला, पंधरा जातील, दुसरीला सतरा. आणि सतरावालीची चंगळ झाली असं समजू नकोस, तीही बहुधा बिघडतेच. शिवाय वाटण्याआधी पेशी प्रत्येकाची जोड तयार ठेवते. एकीला पुरतं दिलं म्हणून दुसरीला अर्धं उरत नाही."

"म्हणजे मालन ही ती कडेची," दिगंबर घुश्शातच म्हणाला. "तिच्यासाठी थांबायचं."

"मालन? ती कधीची ओळीत उभी आहे. मुळं काय, चार दिवसांत फुटतील." तात्यांनी चष्मा काढला. "मी तुझ्यासाठी थांबलोय, दिगंबर."

दिगंबर सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच म्हणाला, "तात्या, घड्याळ मला दिसत होतं."

"आणि माझ्या खुर्चीतून मला तू दिसत होतास. नजर मंदावली, पण इतकी नाही. मला सांगून काय उपयोग? मुळं माझी नव्हती."

मालन खिडकीशी पेल्यांतले पाणी बदलत होती. दिगंबरने तिला सगळे सांगितले, एकही शब्द न लपवता. तिचा चेहरा उतरला. हातातला कांदा तिने पेल्यावर नीट बसवला आणि दुसरा घेतला. तोही बसवून झाल्यावर म्हणाली, "मग या वेळीही घड्याळ तुम्हीच धरा."

नवी मुळे शनिवारी सकाळी आम्लात पडली तेव्हा घड्याळ दिगंबरच्या हातात होते. दहा मिनिटे भरताच त्याने ती स्वतः पाण्यात काढली. मालनने अंगठा टेकवला, तात्यांनी पट्टी पाहिली आणि पाच मिनिटे पाहत राहिले. दिगंबरही शेजारी उभा राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. त्यालाही ती पाहायची होती.

सोमवारी शिक्षक पेटी घेऊन गेले. ते वळणाआड गेल्यावर दिगंबरच्या ध्यानात आले की झाकणावर कुणाचे नाव आहे, हे पाहायचे तो विसरूनच गेला होता.

कुणासाठी तरी आपल्याला थांबवून ठेवले आहे म्हणून आपण चिडतो, तेव्हा ओळीबाहेर उभे कोण आहे, हे एकदा नीट पाहून घ्यावे.