धुतलेले बियाणे

“रंग उतरला म्हणजे विष उतरलं! पाण्यात घाल, चोळ, उन्हात टाक. बघ, जोंधळा कसा मोत्यासारखा निघालाय. आता तरी तुझी किल्ली काढ, इसिपाला!”

“नाही काढत.”

“का? तुझ्या बापाचं कोठार आहे?”

“अर्धं आहे. अर्धं तुझ्या बापाचं. म्हणून तर दाराला दोन कुलपं आहेत.”

पूर्वी गोदेकाठच्या कोलवती नगरीत, अरुणसेन राजा राज्य करीत असताना, हे भांडण भर पेठेत जुंपले होते. त्या जन्मी बोधिसत्त्व धान्याचा व्यापारी होता. इसिपाल हे त्याचेच नाव. त्याच्यावर तोंड टाकत होता तो नंदणक, त्याचा भागीदार. दोघांच्या बापांनी मिळून कोठार बांधले तेव्हाच रीत घालून दिली होती, की कुलपे दोन, किल्ल्या दोन, आणि दोघांचे मन एक झाल्याशिवाय दार उघडायचे नाही. बाप शहाणे होते. लेकांचे कधी पटणार नाही हे त्यांना पाळण्यातच दिसले असावे.

कोठार जोंधळ्याने शिगोशीग भरलेले होते. पण तो जोंधळा खायचा नव्हता, पेरायचा होता.

त्याचे असे झाले. कोलवतीच्या बायका पिढ्यानपिढ्या बियाण्याला राख चोळून ठेवीत. पेरणी उरकली की कणगीत उरलेले बी धुऊन दळायचे आणि त्याची पहिली भाकरी माहेरी आलेल्या लेकीच्या पानात वाढायची. ‘उरल्या बियाची भाकरी’ म्हणजे त्या नगरीत सणाचे जेवण. पण राखेला कीड काही भीत नव्हती, आणि उंदीर तर मुळीच नाही. मग नदीपलीकडून एक लेप आला. तांबडाभडक. डोंगरातला कसलासा दगड भाजून, वाटून केलेला. तो चोळलेल्या बियाला टोका किडा लागेना, उंदीर शिवेना. पहिल्याच वर्षी शेतात एक काकरी रिकामी राहिली नाही. लेप वाईट नव्हता हो. ज्याने शोधला त्याने डोके लावूनच शोधला होता. बी दुप्पट उगवले तेव्हा पेठेत ढोल वाजले, आणि ते वाजवणाऱ्यांत इसिपालही होता.

पुढच्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. जमिनीला ओल नाही, मग पेरायचे कशात? तांबडे बी कोठारात पडून राहिले आणि घराघरांतल्या खायच्या कणग्या तळाला गेल्या. राजाची कोठारेही झाडून झाली. इसिपालाने घरचा स्वच्छ दाणा केव्हाच वाटून टाकला होता. बैल विकले, गाड्या विकल्या आणि नदीच्या उतारावरच्या मुलखात नावा पाठवल्या. पण नदी आटलेली, नावा वाळूला लागत लागत येणार. कधी येणार, ते नावाड्यालाही ठाऊक नव्हते.

अशा वेळी नंदणकाला सुचले, की राख धुतात तसा लेपही धुवावा.

साऱ्या नगरीला ते पटले. का पटू नये? धुणे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आजी धूत होती, पणजी धूत होती. तांबडे पाणी वाहून गेले, दाणा पांढरा झाला, आणखी काय हवे? नंदणकाने पंधरवड्यापूर्वी वानगीदाखल एक टोपलीभर बी बाहेर काढून धुतले होते. कोंबड्यांना घालून बघतो, असे सांगून ते त्याने घरी नेले, तेव्हा इसिपालाने आपली किल्ली लावून दिली होती. आज तो त्यातलीच एक कोंबडी काखेत मारून आला होता.

“बघा हो, बघा!” त्याने कोंबडी उंच धरली. “हिनं तो दाणा खाल्ला. मेली का? उलट माजलीय! माझ्या हाताला चोच मारतेय!”

लोक हसले. भुकेल्या माणसांचे हसणे ऐकवत नाही. पोटातून येत नाही ते, दातांतून येते.

“इसिपालशेठ,” कुंभाराची सून पुढे आली. तिच्या कडेवरचे मूल रडायचेही थांबले होते. “कोंबडीला जे पचतं ते आम्हाला पचणार नाही होय? का आम्ही कोंबडीहून हलकी?”

“तसं नाही, बाई.”

“मग कसं? भाव चढायची वाट बघताय, असंच ना?”

“भाव कसला? दार उघडलं तर आत्ता, या घडीला, मी नगरीतला सगळ्यात मोठा धनी होईन. तेवढं मलाही कळतं.”

“मग उघडा की!”

इसिपालाला भीती वाटत होती. बोधिसत्त्वाला भीती कसली, असे म्हणणाऱ्यांनी भुकेल्या गर्दीपुढे एकदा उभे राहून बघावे. पण गर्दीहून मोठी भीती दुसरीच होती. आपले चुकत असेल तर? लेप खरोखरच पाण्याने जात असेल, आणि आपल्या हट्टापायी हे मूल आईच्या कडेवरच संपले, तर?

त्याच्याकडे पुरावा असा एकच होता, आणि तो त्याच्या डोळ्यांत होता, दाखवता येण्यासारखा नव्हता. लेप आणायला तो पलीकडे गेला होता तेव्हा त्याने तो कालवणारी बाई पाहिली होती. तिने त्याला पाणी दिले आणि स्वतः प्यायला तांब्या उचलला. तांब्या तोंडापर्यंत गेलाच नाही. हात असा कापत होता की सारे पाणी छातीवर सांडले. ती हसली आणि काहीतरी बोलली. शब्द तिच्या जिभेवरून घरंगळले, एकही धड बाहेर आला नाही. तिच्या धन्याने मात्र स्पष्ट सांगितले होते, “पेरायला, शेठ. खायला नाही. आणि हे आज लागत नाही. उशिरा लागतं.”

“उशिरा लागतं,” इसिपाल आता मोठ्याने म्हणाला. “कोंबडीचं आज काही सांगता येत नाही. दाणा विष पितो, नंदणका. राख दाण्यावर बसते, लेप दाण्यात मुरतो. वरचा रंग गेला तरी आतलं जात नाही.”

“तू आत शिरून बघितलंस?”

“नाही बघितलं.”

“ऐकलंत!” नंदणक गर्दीकडे वळला. “बघितलं नाही म्हणतो! बायकापोरं भुकेनं मरतात ती डोळ्यांना दिसतात, आणि हा न दिसणाऱ्या विषाला भितो!”

मागून एक दगड आला आणि दाराच्या फळीवर आदळला. दुसरा इसिपालाच्या खांद्याला लागला. तो हलला नाही. गळ्यातल्या दोरीला अडकवलेली किल्ली त्याने मुठीत धरली.

“नावा येईपर्यंत माझ्या घरची भांडी घ्या, दारं-खिडक्या घ्या, विका आणि पलीकडच्या गावांतून जे मिळेल ते आणा. पाला उकडू, कंद खणू, मी पुढं चालतो. पण ही किल्ली मी जिवंतपणी देणार नाही. मारलंत तर काढून घ्याल, ठाऊक आहे मला. निदान माझ्या हातानं तुम्हाला वाढलं, असं तरी होणार नाही.”

“मग मर!” कोणीतरी ओरडले, आणि गर्दी एका अंगाने पुढे सरकली. नंदणकाच्या काखेतली कोंबडी फडफडून सुटली. कोणाचा तरी हात इसिपालाच्या गळ्यातल्या दोरीवर पडला, दोरी मानेत रुतली, आणि त्याला वाटले, संपले.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

“सरा बाजूला! कोण म्हणतो माझ्या लेकाचं धान्य विष आहे?”

नंदणकाची आई भायिला सुनेच्या खांद्यावर हात ठेवून येत होती. या म्हातारीला सारी पेठ वचकून असे. जिभेला हाड नाही, पण जिभेवर खोटेही नाही, अशी तिची ख्याती. कोंबड्यांसाठी आणलेले धुतलेले बी तिने कोंबड्यांना मूठभरच टाकले होते. माझ्या लेकाने हाताने धुतलेले धान्य आणि लोक त्याला विष म्हणतात? मग मीच खाऊन दाखवते, अशा इरेला पेटून उरलेले सारे तिने दळले, आणि रोज दोन्ही वेळा त्याची भाकरी खाल्ली. लेकाला सांगितले नाही. सुनेला शिवू दिले नाही. आज पेठेत भांडण लागल्याचे कळताच ती साऱ्यांची तोंडे बंद करायला निघाली होती.

सुनेने वाटेत कोणाला तरी हे सांगितले, आणि ते गर्दीतून वाऱ्यासारखे पुढे आले. लोकांनी जल्लोष केला. इसिपालाच्या दोरीवरचा हात सैल झाला, कारण आता ओढायची गरजच उरली नव्हती. त्याचे स्वतःचे मनही डळमळले. मूठ सुटू लागली.

“आई!” नंदणक आनंदाने ओरडला. “तू खाल्लंस? सांग, सगळ्यांना सांग! काय झालं तुला?”

म्हातारी आवाजाच्या रोखाने दोन पावले आली आणि थांबली. सकाळपासून जे तिने म्हातारपणावर ढकलले होते, त्याचा अर्थ त्या प्रश्नासरशी तिला लागला. तोंडे बंद करायला आलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर पेठेने तोवर कधी न पाहिलेले काहीतरी आले. ते भय होते.

तिचे बोलणे झाल्यावर सांगण्याजोगे काही उरत नाही, म्हणून कोण कोण होते ते आधीच सांगितलेले बरे. ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा नंदणक म्हणजे माझ्या वाईटावर टपलेला देवदत्त असेल असं तुम्ही धरून चालला असाल. तो नव्हे. भिक्षापात्रातलं शीत न् शीत निरखून मग गिळणारा, तुम्ही ज्याला हसता, तो शेवटच्या ओळीतला भिक्षू म्हणजे नंदणक. कोलवतीचे लोक म्हणजे तुम्ही. भायिला म्हणजे मला तोंडावर प्रश्न विचारणारी ती म्हातारी उपासिका. आणि किल्ली धरून उभा राहिलेला इसिपाल मीच होतो.” या कथेतली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, मैत्रीची, असे भिक्षू सांगतात, आणि ते खरे आहे. पण इथे सत्याचीही पारमिता आहे, आणि ती त्या म्हातारीची आहे. लेकाची अब्रू आणि साऱ्या नगरीचा जीव तिच्या जिभेवर होता. पेठ श्वास धरून उभी असताना तिने हात पुढे करून हवेत चाचपले, आणि ती म्हणाली,

“नंदा, पंधरवडा झाला मी हीच भाकरी खातेय रे, आणि आज सकाळपासून मला तुझा आवाज येतो, तोंड दिसत नाही.”