रुंद पाटाचं पाणी

एका संस्थानात नदीच्या बंधाऱ्यावरून दोन पाट निघत. रुंद पाट आंबेवाडीच्या शेतांना जाई आणि अरुंद पाट दिवाणजींच्या केळीबागेला. ऐन भात पोटरीला आलं असताना दिवाणजी दरबारात म्हणाले, "महाराज, आंबेवाडीचा पाट आमच्या दुप्पट रुंद, म्हणजे पाणीही दुप्पट. त्याचं तोंड निम्मं बुजवावं."

आंबेवाडीची पाटलीण भागूबाई पुढे आली. हातचं पीक जाणार हे तिला दिसत होतं, पण आवाज तिने शांत ठेवला. "दिवाणजींचं खरं आहे, महाराज. एवढं पाणी आम्हांला पेलवत नाही. रुंद पाट त्यांच्या बागेला द्या, अरुंद आमच्या भाताला."

दिवाणजी घाईने म्हणाले, "छे, छे. त्या रुंद पाटात पाणी जेमतेम घोट्याएवढं. पान टाकलं तर तिथंच रेंगाळतं. आमच्या पाटात कसं कमरेइतकं पाणी नुसतं धावत असतं."

दरबारात खसखस पिकली.

"ऐकलंत ना, महाराज?" भागूबाई म्हणाली. "रुंदी दिवाणजींनी आधीच सांगितली होती, खोली आणि वेग आत्ता सांगितला. आता तिन्हींचा गुणाकार तेवढा करा."

गुणाकार झाला. त्याच दुपारी एका पाटाचं तोंड निम्मं बुजवलं गेलं, ते केळीबागेच्या पाटाचं.