शेवूची इंग्रजीतली आत्या

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वळणावर एक इवलीशी रोपवाटिका होती. तिथे काळ्या पिशव्यांमधून गुलाबी, जांभळी, केशरी रोपटी दाटीवाटीनं उभी असत, आणि त्यांच्यामागे पत्र्याची एक खोली. त्या खोलीत शेवू नावाची मुलगी तिच्या हौसाआत्याबरोबर राहायची. शेवूचे आईवडील ती रांगत होती तेव्हाच तापानं गेले. तेव्हापासून आत्या हेच तिचं गणगोत. पहाटे पाणी, दिवसभर माती, आणि रात्री दोघींत एक भाकरी, असे त्यांचे दिवस जायचे.

शेवूला झाडांचं शास्त्र शिकायचं होतं. ते डोंगरावरच्या पांढऱ्याशुभ्र घुमटाच्या विद्यापीठात शिकवत. पण तिथे शिरायचं तर आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे, आणि तीही जन्मात एकदाच. परीक्षक बाई एवढंच म्हणायच्या, "तुझ्या घराविषयी बोल." अडखळला तो माघारी.

गावातल्या क्लासच्या सरांनी यावर नामी तोड काढली होती. सगळ्या मुलांना उत्तर एकच. माय फादर इज अ डॉक्टर. माय मदर इज अ टीचर. वुई लिव्ह इन अ बिग बंगलो. आय हॅव अ डॉग. हिज नेम इज टॉमी. कुंभाराच्या पोराचे वडील डॉक्टर, मेंढपाळाच्या पोरीचे वडीलही डॉक्टर, आणि गावात दवाखान्याचा पत्ता नाही.

शेवू पाणी घालता घालता हेच घोकायची. एकदा आत्या खुरपं थांबवून म्हणाली, "आगं, ह्यात माझं नाव काय ऐकू येत न्हाई."

"आत्या, उत्तरात तसं नाहीये," शेवू म्हणाली.

"नसू दे. तू पास हो म्हंजे झालं," असं म्हणून आत्या जास्वंदीला शिव्या घालायला निघून गेली. न फुलणाऱ्या झाडांना ती रोजच शिव्या घालायची, आणि बहुतेक झाडं मुकाट्यानं फुलायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शेवू शेवटची उजळणी करत होती, तेव्हा रोपांवरच्या हिरव्या जाळीत काहीतरी फडफडलं. फुलपाखरू असेल म्हणून ती जवळ गेली आणि जागच्या जागी खिळली. जाळीत बोटाएवढी एक परी अडकली होती. लिंबोणीच्या कळीसारखा तिचा झगा, आणि पंखांवर सोनेरी, रुपेरी, मोरपंखी ठिपके लुकलुकत होते. पंखांत जाळीचे दोरे गुरफटले होते.

उजळणी तशीच राहिली. शेवूनं खाली बसून एकेक दोरा नखानं अलगद सोडवला. पंखावरचा एकही ठिपका पुसू दिला नाही.

परी टुणकन तिच्या तळहातावर उतरली. "बाळ, तुझी घाई मला दिसत होती. तरी तू घाई केली नाहीस. माग काय मागायचं ते."

"मला इंग्रजी येऊ दे," शेवू म्हणाली.

"भाषा काही मला देता येत नाही गं. ती ज्याची त्यानं बोलूनच यायची. पण आज तू घराविषयी इंग्रजीत जे जे बोलशील ते खरं होईल, एवढं माझ्या हातात आहे. फक्त नियम नीट ऐक. ज्याला तू बोलण्यात जागा देणार नाहीस, त्याला घरात जागा उरणार नाही. आणि तुझी परीक्षा संपल्याची घंटा वाजेल तेव्हा जे असेल, ते कायमचं."

शेवूनं नियम ऐकला, पण तिचं निम्मं लक्ष उत्तरातच होतं. खरंच असं होतं का, ते बघावं म्हणून तिनं डोळे मिटून घडाघडा सगळं म्हणून टाकलं. टॉमीपर्यंत पोचून तिनं डोळे उघडले.

पत्र्याची खोली नव्हती. तिथे भलामोठा पिस्ता रंगाचा बंगला झगमगत होता. रोपांच्या जागी गुळगुळीत फरशी होती आणि फरशीवर एक तपकिरी कुत्रं शेपूट हलवत बसलं होतं. दारात पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस उभा होता आणि त्याच्याशेजारी, हातात खडू घेऊन, एक बाई.

शेवू दोन पावलं पुढे गेली. "आई?" ती कशीबशी म्हणाली.

बाई गोड हसली, वळली आणि भिंतीवर खडूनं लिहू लागली. शेवूनं तिचा पदर धरला. ती पुन्हा तसंच हसली आणि पुन्हा लिहू लागली. डॉक्टर वडील दाराच्या कडीला नळी लावून ठोके ऐकत होते. मग त्यांनी खुर्चीचे ठोके ऐकले, मग फरशीचे. सरांच्या उत्तरात आईला एकच वाक्य होतं आणि वडिलांनाही एकच. त्यापुढे त्यांना काही येतच नव्हतं.

आणि मग तिनं भोवताली पाहिलं.

"आत्या?"

खुरपं नाही, दारातल्या झिजक्या चपला नाहीत. ती बंगल्याच्या चकचकीत खोल्यांतून धावली, मागच्या दारानं बाहेर पडली, पुन्हा आत आली. आत्याला बोलण्यात जागा नव्हती, म्हणून घरातही ती नव्हती.

"माझी आत्या परत दे," ती रडत परीला म्हणाली.

"ते तुझ्याच जिभेवर आहे, बाळ," परी हळूच म्हणाली. तिचा चिमुकला चेहराही उतरला होता.

शेवूनं डोळे पुसले. "आय हॅव ॲन आंटी."

लगेच दारातून एक बाई ठुमकत आली. खांद्याला पर्स, ओठ लालचुटूक, सेंटचा घमघमाट. "हॅलो," ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली. शेवू थक्क होऊन बघतच राहिली. ती आंटी होती, पण कुणाचीही असू शकली असती.

तेवढ्यात डोंगरावरून पहिला टोल ऐकू आला. शेवूच्या पाळीची वेळ झाली होती. शेवू धावत सुटली. तिच्यामागे फक्त टॉमी आला. कुत्र्याला जिवंत व्हायला फारशी वाक्यं लागत नाहीत.

परीक्षक बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी टॉमीच टॉमी ऐकले होते, त्यामुळे त्यांनी मानही वर केली नाही. "तुझ्या घराविषयी बोल," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

शेवूच्या ओठांवर ते उत्तर आयतं आलं. तेच म्हटलं तर विद्यापीठाचं दार उघडणार होतं. बंगला राहणार होता. आईही राहणार होती, हसणारी, खडू धरलेली, जन्मभर. तिला त्या आईचा मोह पडला. खरंच पडला. ती "माय फादर" एवढं म्हणाली आणि थांबली.

बाईंनी लेखणी उचलली.

"नो फादर," शेवू म्हणाली. "नो मदर. वन आत्या."

लेखणी थांबली. "आत्या म्हणजे काय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

सरांनी हा प्रश्न कधी शिकवलाच नव्हता. शेवूनं असतील नसतील ते शब्द गोळा केले. "फादर्स सिस्टर. नेम हौसा. फ्रंट टूथ, नो." तिनं बोटानं स्वतःचा दात दाखवला. "शी अँग्री विथ फ्लॉवर्स. फ्लॉवर्स अफ्रेड. सो फ्लॉवर्स कम."

बाईंच्या गालावर हसू फुटलं. खिडकीखालून कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं शेवूला हजारांत ओळखू आलं असतं.

मग ती थांबलीच नाही. वाक्य लंगडत होतं, पण चालत होतं. छोटं घर, पत्र्याचं. खूप खूप रोपं. आत्याच्या चपला जुन्या, हाताला मातीचा वास. आत्या चहाला गूळ कमी घालते आणि उरलेला खडा शेवूच्या उशाला ठेवते. विचारलं तर म्हणते, मुंगीनं आणला असेल. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या, खरोखर ऐकायचं म्हणून विचारत होत्या, आणि शेवू उत्तर देत होती. खालून चपलांची फटफट ऐकू आली. ओल्या मातीचा वास आला.

"अँड वन डॉग," शेवूनं घाईनं जोडलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? "ही इज न्यू. टुडे."

"नाव टॉमी?" बाईंनी विचारलं.

"सॉरी. येस."

बाई मोकळेपणानं हसल्या. शिपाई घंटेकडे निघाला होता. त्यांनी हलकेच विचारलं, "आणि आई? तिच्याविषयी काही?"

शेवूला आईचं काहीच आठवत नव्हतं. आत्यानं सांगितलेलं तेवढं एकच होतं. "माय मदर डेड," ती सावकाश म्हणाली. "बट आत्या टेल मी, शी लाफ व्हेरी, व्हेरी लाउड. ऑल बर्ड्स फ्लाय."

आणि खिडकीबाहेरच्या चिंचेखाली कुणीतरी हसलं. खळखळून, मोठ्यानं, अगदी पोट धरून. झाडावरच्या साऱ्या साळुंक्या एकदम भुर्रकन उडाल्या. शेवूनं खिडकीची चौकट घट्ट धरली. बाहेर कुणी दिसत नव्हतं. ते हसू मात्र तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

घंटा वाजली.

"मुली," बाई चष्मा पुसत मराठीत म्हणाल्या, "आज सकाळपासून मी नुसते बंगले ऐकले. घर एकच बघितलं. विद्यापीठात ये, तुझी जागा पक्की."

खिडकीच्या कठड्यावर परी उभी होती. "इंग्रजी मी नाही हो दिलं," ती म्हणाली, आणि मोरपंखी, रुपेरी, सोनेरी उजेडाचा एवढासा भोवरा गरगरला. तो विरला तेव्हा कठड्यावर नुसतं ऊन होतं.

शेवू जिने उतरून फाटकाशी धावली. तिथे हौसाआत्या उभी होती, हात मातीनं भरलेले, चेहरा भांबावलेला. टॉमी तिच्या पायांवर लोळत होता.

"मी हितं कशी आले गं?" आत्या म्हणाली. "आन हे कुत्रं कुणाचं?"

"आपलं," शेवू म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

आत्यानं मातीचे हात तिच्या पाठीला न लावता हवेत धरले, मग लावलेच. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "येडी म्हणशील मला. पर आत्ता तुझी आई हसली बघ."