निघावं की पेरावं

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, गोष्ट मात्र मागे राहिली. लहानांनी ती ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

चीन देशात, पिवळ्या मातीच्या डोंगराळ मुलखात एक गाव होतं. त्या गावावर लागोपाठ दुष्काळ पडले. नदी आटली, गुरं मेली, लोकांनी झाडांच्या साली उकडून खाल्ल्या. शेवटी गावात उरलं काय, तर मुखियाच्या घरातल्या कणगीत जपून ठेवलेलं राळ्याचं बियाणं. ते साऱ्या गावाचं होतं.

त्या बियाण्यावरून गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, "हे भाजून वाटेची शिदोरी करा आणि दक्षिणेला चला. डोंगरापलीकडे पाणी आहे." दुसरा म्हणे, "बियाणं खाल्लं म्हणजे सगळंच संपलं. पेरा. यंदा पाऊस येईल."

म्हातारा मुखिया पेरणीच्या बाजूचा होता. त्याचा एकुलता एक मुलगा आदल्या वर्षी तापानं गेला होता, आणि गावामागच्या टेकडीवर त्याची कबर होती. ती सोडून म्हाताऱ्याचा पाय निघत नव्हता. पण हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. चारचौघांत तो पूर्वजांच्या जमिनीबद्दल बोले, आणि लोक माना डोलवत.

त्याची सून मात्र त्याला ओळखून होती. ती म्हणाली, "मामंजी, ते माझेही होते. पण ते मातीत आहेत आणि ही पोर माझ्या कडेवर आहे. अंगात चालायचं बळ आहे तोवर निघू या."

वाद काही मिटेना. तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांनी तोड काढली. "राजधानीत आकाशाचं देऊळ आहे. खुद्द सम्राट वर्षातून एकदा तिथं गुडघे टेकतो. त्याची पूजा झाली की लोकांसाठी दार उघडतं. मुखियानं जावं आणि विचारावं. आकाश सांगेल ते करू."

मुखिया निघाला. चालून चालून त्याचे पाय फुटले, पण देऊळ दिसलं तेव्हा तो सारं विसरला. सरूच्या जुन्या झाडांची राई, तिच्यातून जाणारी दगडी वाट, आणि पलीकडे निळ्या कौलांचं गोल मंदिर. एकावर एक छत्र्या ठेवाव्यात तशी त्याची छपरं. वाटेचा मधला पट्टा देवाचा होता, त्यावर सम्राटसुद्धा पाऊल टाकत नसे. मुखिया अगदी कडेनं, अंग चोरून चालला.

मंदिरामागे गोल भिंतीनं वेढलेलं अंगण होतं. अंगणात एक गुळगुळीत शिळा होती. त्या शिळेवर उभं राहून प्रश्न विचारायचा, म्हणजे आकाश तीनदा उत्तर देतं, अशी साऱ्या देशाची श्रद्धा. लोकांची ही रांग लागलेली. शेजारी एक गोल गरगरीत पुजारी उभा होता आणि प्रत्येकाला हसतमुखानं पुढे सोडत होता.

मुखियाच्या पुढे रेशमाचा एक व्यापारी होता. त्यानं शिळेवर उभं राहून मोठ्यानं विचारलं, "माझ्या घरी नातू येईल की नात?"

"नात… नात… नात…" उत्तर आलं.

व्यापाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पुजारी त्याच्या कानाशी लागला. "शेठजी, विचारण्याचीही एक रीत असते. मनातलं शेवटी ठेवावं."

व्यापारी पुन्हा शिळेवर चढला. "नात येईल की नातू?"

"नातू… नातू… नातू…"

शेठजी खूश. पुजाऱ्याच्या हातात रेशमी रुमाल ठेवून ते हसत हसत गेले.

मुखियाच्या मनात पाल चुकचुकली. "पुजारीबुवा, आकाश असं बोलणं कसं फिरवतं?"

"फिरवत नाही हो. आपण शब्द नीट मांडले नाहीत, तर त्याला तरी नीट कसं कळणार? काल खुद्द सम्राटांनी विचारलं, 'माझ्या राज्यात दुःख आहे की सुख?' आकाश म्हणालं, 'सुख.' तिन्ही वेळा. महाराज किती समाधानानं परतले म्हणून सांगू!"

मुखियाला गावातली सोललेली झाडं आठवली. ओसाड गोठे आठवले. सुख! त्याच पावली तो मागे फिरला असता, तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती. पण एवढा पल्ला तोडून आलेला माणूस असा रिकाम्या हातानं परतत नाही. आणि मागून लोक ढकलत होते.

तो शिळेवर चढला. साध्या माणसासारखं त्यानं साधं विचारलं, "आमच्या गावानं पेरावं की निघावं?"

"निघावं… निघावं… निघावं…"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे टेकडी आली, टेकडीवरचा मातीचा उंचवटा आला. पुजारी काही म्हणालाच नाही. मुखियाच त्याच्याकडे वळून म्हणाला, "मी शब्द नीट मांडले नाहीत वाटतं."

"मग मांडा की पुन्हा. त्यात काय!"

मुखियानं डोळे मिटले. "आमच्या गावानं निघावं की पेरावं?"

"पेरावं… पेरावं… पेरावं…"

तो तिथंच शिळेवर बसला आणि आनंदानं रडला.

गावी परतल्यावर सारे जमले. मुखिया म्हणाला, "आकाश म्हणालं, पेरावं. एकदा नाही, तीनदा म्हणालं." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सून पुढे आली. "मामंजी, तुम्ही विचारलंत कसं?"

"आता आकाशावरही संशय घेतेस का?" मुखिया कडाडला. लोकही तिच्याकडे रागानं बघू लागले. एका बाजूला सारा गाव आणि आकाशही. ती एकटी काय बोलणार? तिनं पोरीला छातीशी धरलं आणि मान खाली घातली.

कणगी रिकामी झाली. राळा पेरला गेला. लोक वर बघत राहिले. एक ढग आला, डोंगरावर रेंगाळला आणि कुणाची ओळख नसल्यासारखा निघून गेला. मग वारा सुटला, आणि वाऱ्यानं मातीबरोबर बियाणंही नेलं. तोवर निघायचं बळ फारसं कुणाच्या पायांत उरलं नव्हतं. जे निघाले, त्यांतले बरेच वाटेतच बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

सुनेची पोर एका सकाळी आईच्या मांडीवर गेली. तिला टेकडीवर, बापाच्या शेजारी पुरलं.

"आकाशानं आपला केसानं गळा कापला!" म्हणत लोक ऊर बडवत होते. मुखिया ऐकत होता आणि गप्प होता. शिव्या वर जात होत्या, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटत होतं.

सुनेनं मात्र गाठोडं बांधलं. जायच्या आधी ती टेकडीवर आली तेव्हा म्हातारा कबरींपाशी बसला होता. ती काही विचारत नव्हती, म्हणूनच त्याला राहवलं नाही.

"आधी 'निघावं' असं आलं होतं," तो म्हणाला. "मग मी शब्दांची अदलाबदल केली."

तिनं गाठोडं खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आकाशाला विचारायला गेला होतात, मामंजी. एवढे पाय फोडून स्वतःलाच विचारून आलात."

"मीही येतो तुझ्याबरोबर. आता इथं काय उरलंय?"

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला इथंच राहायचं होतं ना? राहा."

ती दक्षिणेच्या वाटेला लागली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. मुखिया राहिला. एका कबरीसाठी त्यानं गाव धरून ठेवलं होतं. आता गाव नव्हतं आणि टेकडीवर कबरींना जागा पुरत नव्हती.

यातून घ्यायचं ते एवढंच: उत्तर आधी ठरवून जो प्रश्न विचारतो, त्याला देवही खरं सांगू शकत नाही.