चेअरमनांचा फोटो

येवल्यातल्या एका पैठणी सोसायटीत नक्षी आता संगणकावर निघू लागली होती. मृणाल भांबारे नक्षी काढायची आणि खाली सतरंजीवर बसलेले विणकर वर पडद्याकडे पाहून रेशमाचे रंग जुळवायचे. चेअरमन दत्तूशेठ एके दिवशी कुणाला न विचारता नवा मॉनिटर पसंत करून घेऊन आले. दुकानदाराने तो चार दिवस वापरून बघायला दिला होता.

“सत्तावीस इंच! कोटीचा कॉन्ट्रास्ट!” शेठ मिशीवर ताव देत म्हणाले.

“पण शेठ, खोक्यावर टीएन पॅनेल लिहिलंय,” मृणाल म्हणाली. “ त्यात खालून पाहिलं की रंग बदलतात. मोर भलत्याच रंगाचा विणला जाईल आणि रेशीम वाया जाईल. आपल्याला कुठूनही पाहिलं तरी रंग तेच दाखवणारा आयपीएस पॅनेलचा हवा.”

“खोक्यावरची अक्षरं मला शिकवू नकोस. उद्या सभेत उद्घाटन!”

दुसऱ्या दिवशी मृणालने पडद्यावर शेठचाच फोटो लावला. समोर खुर्चीत बसलेले शेठ खूश झाले, पण सतरंजीवर खसखस पिकली.

“हसताय काय?”

“शेठ, जरा खाली बसून बघा,” मृणाल म्हणाली.

शेठ सतरंजीवर टेकले. वर पाहतात तो फोटोतला चेहरा डांबरासारखा!

“शेठ, खुर्चीवरून तुम्ही छानच दिसता. पण ज्यांनी तुम्हाला निवडून दिलं, त्यांच्यासमोर हा मॉनिटर रोज तुमचं तोंड काळं करणार. ठेवायचा का?”

शेठ आधी लालबुंद झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. तासाभरात मॉनिटर परत गेला, आणि नवा निवडायला शेठ मृणालला सोबत घेऊन गेले.