पाठीवरची दुसरी जोड

समोर तो पांढरा उतार दिसतो ना, त्याच्या माथ्यावर मारलिंगची खिंड आहे. आमचे गाव तिच्या पायथ्याशी. हिवाळ्यात तुमच्यासारखे पाहुणे लांबून बर्फावर घसरायला येतात आणि एक गोष्ट पाहून हसतात. आमची माणसे खिंडीकडे चढताना एक फळ्यांची जोड पायांत घालतात आणि दुसरी पाठीला बांधतात. पाय दोन, मग फळ्या चार कशाला? आणि ती दुसरी जोडही आखूड, बाईमाणसाच्या मापाची. माझ्या सासऱ्यांनी मला सांगितले ते असे.

फार पूर्वी इथे कोणाला फळ्यांवर चालणे ठाऊक नव्हते. बर्फ पडला की खिंड बंद. पलीकडचा पलीकडे, अलीकडचा अलीकडे, थेट वैशाखापर्यंत. अंगरूप नावाचा मेंढपाळ त्या साली मेंढ्या घेऊन लोकर विकायला पलीकडे गेला आणि बर्फ महिनाभर आधीच आला. पलीकडे खिंडीखाली एक दगडी निवारा आहे. तिथे तो मेंढ्यांसह अडकला असणार, एवढाच घरच्यांचा अंदाज. घरी बायको यंगझोम आणि त्याची आई. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. मुलाचे तोंड पाहू द्या, एवढेच म्हणायची. इकडे आईला अमा म्हणतात. यंगझोम तिला म्हणाली, "मी घेऊन येते त्यांना. तोवर थांबा, अमा."

म्हणायला म्हणाली, पण जायचे कसे? बर्फात माणूस कमरेपर्यंत बुडत होता. असे सांगतात की, सासूच्या पायांवर शेळीचे कातडे पांघरताना तिचा हात केसांवरून फिरला. एका बाजूने सहज सरकला, उलट फिरवला तर अडला. तिने मेंढ्यांच्या कोठ्याचे दार काढले. त्याच्या दोन फळ्या सोडवल्या, टोके वाफेवर धरून वर वळवली आणि खालून कातडे ताणून बांधले, केस मागच्या बाजूला करून. फळीमुळे पाय बुडेना, केसांमुळे मागे घसरेना. शेजारीण म्हातारीपाशी बसायला आली. ती म्हणाली म्हणे, "नवरा नाही मिळाला तर दार तरी परत आण गं." यंगझोम हसली आणि निघाली.

दोन दिवसांनी ती निवाऱ्यापाशी पोहोचली. अंगरूप तिथेच होता. तिला पाहून तो आधी रडला, मग त्याने तिच्या पायांकडे पाहिले. जोड एकच होती. जायचे कसे ते तिला सुचले होते, पण परतताना पाय चार असतील हे सुचले नव्हते. तिलाच काय, गावात कोणालाच नाही. आणि तिथे लाकूड म्हणून मिळत नाही. चुलीतसुद्धा शेण जाळतात.

तिने फळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. "अमा तुमची वाट बघतेय, माझी नाही," ती म्हणाली. "माथ्यावर गेलात की कातडे सोडा. मग या आपोआप घराकडे धावतील."

तो पडत, उठत उतरला. या उतारावरून फळ्यांवर आलेला पहिला माणूस तो. म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारले, "सून कुठाय?" त्याने सांगितले. तिने हात खाली घेतले. मग म्हणाली, "दाराला फळ्या चार होत्या ना रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. उरलेल्या दोन फळ्यांची जोड अंगरूपने तिचे सगळे उरकल्यावर केली, यंगझोमच्या मापाची. पण तेवढ्यात वादळ आले आणि अकरा दिवस हटले नाही. तो पोहोचला तेव्हा मेंढ्यांपुढे चारा टाकलेला होता आणि चूल थंड होती. भिंतीच्या आडोशाला पावलांचे चार खोल खड्डे उरले होते, खिंडीकडे जाणारे. म्हातारीपाशी आपण असायला हवे, असे तिला वाटले असेल.

ती सापडली नाही. वैशाखात बर्फ वितळला, तेव्हाही नाही. अंगरूप मग दर हिवाळ्यात चढायचा, एक जोड पायांत, एक पाठीला. लोक सांगायचे, आता ती घरी ठेव. तो म्हणायचा, "एकदा राहिली होती घरी." त्याच्या सोबतीला आधी भाऊ गेला, मग शेजारी, मग त्यांची मुले. तिला शोधता शोधता गाव बर्फावर घसरायला शिकले.

आजही आमची माणसे माथ्यावर पोहोचली की दुसरी जोड पाठीवरून उतरवतात. टोके गावाकडे करून बर्फावर मांडतात, पट्टे सैल ठेवतात. चहा पिऊन होईपर्यंत थांबतात आणि मग ती पुन्हा पाठीला बांधतात.

मी मूळचा पाटणकडचा. रस्त्याच्या कामावर इकडे आलो आणि एका साली पलीकडच्या निवाऱ्यात एकटा मागे राहिलो. तिसऱ्या दिवशी खिंडीतून एक माणूस आला. काही न विचारता त्याने पाठीवरची जोड माझ्यापुढे ठेवली. पट्टे माझ्या बुटांना पुरेनात, तेव्हा स्वतःच्या कमरेची दोरी सोडून बांधले. पुढे तेच माझे सासरे झाले. त्या दिवशी खाली येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा थांबून मागे वळत होते. मी पडलो की काय ते बघत असतील, असे मला वाटले. ते माझ्या डोक्यावरून खिंडीकडे बघत होते.