बूट घालून आखाड्यात

फुटबॉलने झपाटलेले एक शहर होते आणि त्या शहरात एकदा एका शिष्याची मती गुंग झाली.

त्याचा गुरू म्हणजे थोरल्या तालमीचा वृद्ध वस्ताद. या शहराची रीत अशी, की एकाच तालमीत पहाटे पैलवान घुमतात आणि संध्याकाळी फुटबॉलपटू जमतात. मारुती दोघांचा एकच, आणि वस्तादही एकच. शिष्य हा तालमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार होता. पायात कसब होते, अंगात रग होती, स्वभावही निर्मळ होता. एकच खोड होती. जो शेवटी बोलेल त्याचे त्याला पटत असे, आणि त्या शहरात शेवटचे बोलणे कधी संपत नसे.

त्या वर्षी कट्ट्यावर एका बातमीने धुरळा उडवला. दूरच्या एका खंडातले बलाढ्य संघ म्हणे आपापल्या देशांच्या स्पर्धांतून बाहेर पडून निराळीच स्पर्धा काढणार होते. तिथे फक्त थोरामोठ्यांनी थोरामोठ्यांशी खेळायचे. जागा कायमच्या. हरले म्हणून कोणी खाली जाणार नाही, जिंकले म्हणून खालचा कोणी वर येणार नाही. ज्यांनी बेळगावच्या पुढे कधी पाऊल टाकले नव्हते, ते या प्रश्नावर असे भांडू लागले, जणू त्या खंडात त्यांचे चुलते नांदत होते.

"रोज तगडा सामना बघाय मिळंल की," गवळी म्हणाला. "वाईट काय हाय त्यात? दुबळ्यासंगं खेळून त्यांनी पाय मोडून घ्यायचं व्हय?"

"दुबळा म्हणजे कोण हो?" निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसत विचारले. "आजचा थोरला कालचा धाकटाच होता ना? शिडी चढून गेला आणि आता शिडीच वर ओढून घेतोय."

शिष्याला गवळ्याचे पटले, मग मास्तरांचे पटले, आणि गवळ्याने पुन्हा तोंड उघडले तेव्हा पुन्हा गवळ्याचे पटले. तोवर हे चालण्यासारखे होते. परक्या खंडाच्या भांडणात घरचे काही जळत नाही.

पण वारे फिरले. आठवड्याभरात एक व्यापारी तालमीच्या दारात आला. माणूस सभ्य होता, चपला बाहेर काढून, मारुतीला नमस्कार करून आत आला. देशातल्या निवडक नामांकित संघांची तो एक स्वतंत्र स्पर्धा उभारत होता. हिरवळीचे मैदान, दिव्यांचा झगमगाट, घरोघरी प्रक्षेपण. "आणि थोरल्या तालमीची जागा कायमची," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी खाली ढकलणार नाही, हा माझा शब्द. मात्र इथली शहराची स्पर्धा तुम्हाला सोडावी लागेल."

तालमीच्या पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि सगळ्यांनी मिळून शिष्याकडे पाहिले. खेळतो तो, तर सांगावेही त्यानेच, रविवारच्या बैठकीत. तो म्हणेल ते तालमीला मान्य. आजवर त्याला नुसती मुंडी हलवावी लागत असे. आता तोंड उघडायचे होते.

एवढे थोडे होते म्हणून की काय, शनिवारी त्याचे दाजी आले. शिष्याची बहीण नदीच्या घाटाखालच्या आळीत दिली होती, आणि दाजी त्या आळीच्या संघाचे गोलरक्षक होते. घाटाखालचा संघ इतक्या वर्षांच्या धडपडीनंतर यंदा प्रथमच वरच्या गटात चढला होता. मोसमाचा पहिला सामना त्यांचा, आणि तो थोरल्या तालमीशी. साऱ्या आळीने त्या दिवसासाठी घरे रंगवली होती. दाजींनी पोहे खाल्ले, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि निघताना पायताणात पाय घालता घालता, जणू सहजच, विचारले, "सामना हाय न्हवं?"

"बघू की दाजी," शिष्य म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शहराचे मैदान सगळ्यांचे, मातीचे. मोसमाआधी प्रत्येक संघाने आपल्या वस्तीतून घमेलीभर माती आणून मैदानातले खड्डे बुजवायचे, अशी जुनी प्रथा होती. कोणी मुरूम आणी, कोणी नदीचा गाळ. थोरली तालीम मात्र आखाड्याची तांबडी माती आणी, वाजतगाजत, आणि ती आपल्या समर्थकांच्या समोरच्या कोपऱ्यातच घाली. आणि तोच कोपरा नेमका झपाटलेला होता! तिथून कॉर्नर मारताना तालमीच्या खेळाडूंचा पाय सरके. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात खुद्द शिष्याचाच सरकला, चेंडू भलतीकडे गेला आणि चषकही गेला. तेव्हापासून तिथल्या निशाणाला लिंबू-मिरची लटकत होती, आणि नारळ तर त्याआधीपासूनच दर सामन्याला फुटे.

रविवारी सकाळी शिष्य वस्तादांकडे गेला. पैलवानांची मेहनत चालू होती. आखाड्यातली माती चाळलेली, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, लोण्यासारखी मऊ. त्या मातीत उतरण्यापूर्वी ती कपाळी लावायची, आणि पायताण तर तालमीच्या उंबऱ्याबाहेरच ठेवायचे, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होते.

"वस्ताद, मला काय कळंना झालंय," शिष्य म्हणाला. "हो म्हणावं तर दाजींचं तोंड दिसतंय. न्हाई म्हणावं तर पोरांचं नशीब मी अडवल्यागत हुतंय. आन् दोघं बी खरंच बोलत्यात."

वस्तादांनी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिले. मग म्हणाले, "बूट आणल्यात?"

"व्हय. पिशवीत हाईत."

"घाल. आन् उतर आखाड्यात."

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पैलवान जागच्या जागी थबकले. त्यातला एक हात जोडून म्हणाला, "वस्ताद, बूट घालून? पाप लागंल."

वस्तादांनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि कपाळी लावली. "तिची माफी मी मागतो. तू उतर."

शिष्य उतरला. "पळ," वस्ताद म्हणाले. तो धावला, बूट रुतले. "आता चेंडू मार त्या भिंतीवर." एक पाय भक्कम रोवून तो चेंडू मारायला गेला, तोच तो रोवलेला पाय निसटला आणि स्वारी भुईसपाट.

"लागलं?"

"न्हाई, वस्ताद."

"मग ऊठ. परत मार."

पुन्हा पडला. पुन्हा तेच विचारणे, पुन्हा तेच उत्तर. पैलवानांना आधी भय वाटत होते, मग हसू फुटू लागले. हा काय शिक्षेचा प्रकार, की म्हाताऱ्याला भ्रम झाला, कोणाला काही उमगेना. आणि शिष्याला तर उमगण्याचा विचारच उरला नव्हता. तो धावत होता, पडत होता, उठत होता. शेवटी तर तो पडला आणि तसाच पडून राहिला, छपराकडे बघत, आरामात.

"मघाशी पडताना हात टेकत हुतास," वस्ताद म्हणाले. "आता नुसताच पडतुयास."

"लागतच न्हाई तर हात कशाला टेकू?" शिष्य म्हणाला, आणि बोलता बोलता उठून बसला. त्याने आपल्या डाव्या बुटाकडे पाहिले. ही घसरण त्याच्या ओळखीची होती. "वस्ताद, गेल्या साली फायनलला पाय असाच गेला हुता. त्या कोपऱ्यावर."

"तिथं दर साली काय घालतो आपण?"

शिष्याने मूठभर तांबडी माती उचलून पाहिली.

"मी सांगून बघितलं हुतं," वस्ताद म्हणाले. "पण तालमीची माती, तिला नाव कोण ठेवू देतंय? लिंबू बांधायला समदी तयार. ऐक आता. ही माती आपण मऊ ठेवली, कारण हितं पडाय शिकायचं असतं. शिकणाऱ्याला लागू नये. पण पळायचं असंल तर टणक भुई लागती, बाबा. जी भुई पाय धरती, तीच गुडघा फोडती. ह्यातलं एक घेतो आन् एक सोडतो, असं न्हाई जमत. त्यो व्यापारी वाईट माणूस न्हाई. पडलं तरी लागायचं न्हाई, अशी जागा देतुय तुला. ती जागा कशी असती, ते आता तुझ्या पायानं बघितलंस. तुला काय सांगायचं ते तू सांग."

"आन् ते तिकडलं थोरलं संघ? त्यांचं काय व्हायचं?"

"त्यांचं त्यांनी बघावं. मला तिकडलं काय कळतंय?" वस्ताद म्हणाले आणि फावडे त्याच्या हातात दिले. आखाडा उकरून, चाळून, हळद टाकून पूर्ववत करायला शिष्याला दुपार झाली.

संध्याकाळच्या बैठकीत तो उभा राहिला. "मालक," तो व्यापाऱ्याला म्हणाला, "तुमचं मैदान लई चांगलं असंल. पण पडल्यावर लागत न्हाई तिथं आम्हाला पळाय जमायचं न्हाई." व्यापाऱ्याला काही बोध झाला नाही. पंचांनाही झाला नाही. आजवर एकट्या शिष्याच्या डोक्यात असलेला गोंधळ आता साऱ्या बैठकीत पसरला. गवळी तर उघडच म्हणाला, की पोराला ऊन लागलंय. पण शब्द दिला होता. तालमीने तो कुरकुरत पाळला. आणि खरे सांगायचे तर शिष्याचेही मन त्या रात्री पुरते स्वस्थ नव्हते. ते झगमगते दिवे त्याच्या स्वप्नात आलेच.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यातली तांबडी माती खरवडून काढली, घमेल्यातून मानाने आखाड्यात परत नेली, आणि तिथे मुरूम भरून धुमसाने ठोकून टणक केला. लिंबू-मिरचीही सोडली.

मोसमाचा पहिला सामना आला. मैदान फुलून गेले होते. घाटाखालच्या आळीतले म्हातारेसुद्धा हलगीच्या तालावर डोलत होते. तास उलटून गेला तरी गोल होईना, आणि थोरल्या तालमीला त्याच कोपऱ्यावरून कॉर्नर मिळाला. समर्थकांनी श्वास रोखले. शिष्याने पाय रोवला. भुईने तो धरला. चेंडू हवा तसाच वळला, थेट गोलच्या वरच्या कोनाकडे, आणि सगळे शहर उभे राहिले.

दाजींनी झेप घेतली. चेंडू पंजात धरूनच ते त्या कडक जमिनीवर आदळले, आणि उठले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सालटे निघाले होते.

शिष्य धावत गेला. "दाजी, लागलं?"

"लागलं की," दाजी म्हणाले. त्यांचे सारे तोंड हसत होते. मग त्यांनी चेंडू उचलून दूर मैदानाच्या मध्यावर भिरकावला, आणि शिष्य त्याच्यामागे धावत सुटला.